अमेरिकन बॉलवरची सही

अबुधाबीत एका बँकेत लोकांच्या सह्या तपासून मी संसार चालवत होतो, आणि सहीच्या बाबतीत आपल्याला कोणी फसवू शकत नाही असं माझं प्रामाणिक मत होतं. हे मत मी बिल्डिंगच्या लिफ्टमध्येही बोलून दाखवायचो. तिथेच घोळ झाला.

वरच्या मजल्यावर वॉल्टर नावाचा अमेरिकन इंजिनीअर राहायचा. जुन्या खेळाडूंच्या सह्यांचे बेसबॉल जमवायचा त्याला नाद. (बेसबॉल म्हणजे आपल्या क्रिकेटच्या बॉलचा गोरा चुलतभाऊ, पांढरं चामडं, लाल टाके.) एका गुरुवारी असाच एक पिवळट बॉल घेऊन तो खाली आला. दुबईतल्या एका विक्रेत्याने त्याला तो पसंतीसाठी दिला होता. सही म्हणे त्याच्या आजोबांच्या लाडक्या खेळाडूची, पन्नास वर्षांपूर्वीची. वॉल्टरला कामासाठी फुजैराला जायचं होतं. तोवर मी सही खरी की खोटी ते सांगायचं. ताडून बघायला त्याने खऱ्या सहीचा फोटोही दिला, आणि जाताना बजावलं की सहीला बोट लावू नका.

माझी बायको सुनंदा म्हणाली, लोकाची वस्तू लोकाच्या घरीच बरी. मी तिला सहीशास्त्रावर छोटंसं व्याख्यान दिलं.

शुक्रवारी सकाळी भिंग घेऊन बसलो. आता नोटा मोजून मोजून बँकेतल्या माणसाचा अंगठा आपोआप जिभेकडे जातो. माझाही गेला. तिथून तो बॉलकडे गेला. पुढच्या क्षणी शेवटच्या 'वाय'ची शेपटी बॉलवर नव्हती, माझ्या अंगठ्यावर होती.

एसी चालू असताना मला घाम फुटला. आमची केतकी डोकावली, "बाबा, यू आर सो डेड," म्हणाली आणि टीव्हीकडे परत गेली. मी साबणाने अंगठा घासता घासता पुढचं बघू लागलो. वॉल्टर बिल्डिंगला सांगणार, बिल्डिंग बँकेला सांगणार, नोकरी खलास, व्हिसा खलास. मनाने मी बॅगा घेऊन मुंबईच्या विमानतळावर उतरलोसुद्धा!

सुनंदाने थालीपीठ उलटलं, गॅस बारीक केला आणि हात पुसत बाहेर आली. फोटो बघितला, बॉल बघितला. मग माझं शाईचं पेन मागून घेतलं आणि बशीत शाईचा थेंब काढून त्यात कोरा चहा मिसळला.

"अगं, ही फोर्जरी आहे," मी म्हणालो.

"केतकीच्या शाळेच्या डायरीत तुमची सही कोण करतं?"

"मीच करतो. परवाच चाळली की डायरी."

"चाळता तुम्ही. सही मी करते."

त्या सह्या मी निरखून बघितल्या होत्या. एकदा तर केतकीला दाखवलंही होतं की सही कशी ठाशीव असावी. मी खुर्चीत बसलो. तोवर शेपटी काढून सुनंदा थालीपिठाकडे गेलीही होती.

रात्रभर मी कबुलीजबाब इंग्रजीत पाठ केला. शनिवारी संध्याकाळी वॉल्टर आला तो फुजैराच्या एका मित्राला घेऊन. तोही असले बॉल जमवणारा. मी "ॲक्च्युअली" एवढंच म्हणालो आणि मित्राने बॉल उचलून खिडकीशी नेला.

बराच वेळ बघून तो म्हणाला, बॉल जुना आहे, सही खोटी. कोणीतरी थांबत थांबत नक्कल केली आहे, अक्षरं थरथरलीत. शाईही ताजी असावी, ओलं बोट लावलं तरी निघेल. मग भिंग जवळ नेऊन तो आदराने म्हणाला, "हे शेवटचं अक्षर मात्र काय झोकात काढलंय!"

मग मला राहवेना. अंगठ्यापासून चहापर्यंत सगळं सांगून टाकलं. खोटी सही पकडायचा पुरावा माझ्या अंगठ्याला लागला होता आणि मी तो साबणाने धुतला होता, हे ऐकून दोघं सोफ्यावर आडवे झाले. बॉल विक्रेत्याकडे परत गेला.

पुढे काही महिन्यांनी बेल वाजली. दारात वॉल्टर, हातात नवीन जुना बॉल. मी घाईघाईने चष्मा लावला आणि हात पुढे केला.

वॉल्टरने बॉल पाठीमागे धरला.

"मॅडम घरात आहेत का?"