तांब्याची चादर आणि दाक्षाक्कांचा अंगठा

आमच्या कारखान्यात टॉवेल आणि चादरी होतात. दाक्षायणी बिराजदारांच्या अंगठ्याखालून गेल्याशिवाय त्यातला एकही नग बाहेर पडत नाही. आम्ही सगळे त्यांना दाक्षाक्का म्हणतो. चेकिंगच्या टेबलावर त्यांची सव्वीस वर्षं गेली. मी सिद्धाराम, त्यांचा सुपरवायझर, म्हणजे कागदावर. प्रत्यक्षात त्या मलाही तपासूनच घेतात.

त्यांची पद्धत साधी आहे. अंगठा जिभेला लावायचा, कापडाच्या कोपऱ्यावर दहा वेळा घासायचा आणि खिडकीच्या उजेडात धरायचा. अंगठ्याला रंग लागला की नग बाजूला. मालकांनी रंग तपासायचं यंत्र आणलं, तेव्हा अक्कांनी त्याच्याकडे पोलिसानं बघावं तसं बघितलं. पुढे यंत्रानं पास केलेला लाल टॉवेलचा एक लॉट अक्कांनी अडवला. मी चिडून तो तसाच पाठवला आणि महिन्याभरात तो रंग सोडतो म्हणून परत आला. तेव्हापासून त्या अंगठ्यापुढे बोलायची माझी टाप नाही.

संशय हा त्यांचा स्वभावच. दूधवाल्यासमोर दुधात बोट बुडवून बघतील. मंगळवेढ्याची ज्वारी म्हणून कुणी विकायला आला, तर चार दाणे दाताखाली धरून म्हणतील, ही मोहोळच्या अलीकडचीच, मंगळवेढं हिनं बघितलेलंच नाही. एकदा मी माझ्या लग्नाच्या वाढदिवसाचे पेढे दिले, तर आधी विचारलं, कुठून आणले आणि कधी. मला राग आला होता. पेढे कालचे होते, हा भाग वेगळा.

गेल्या वर्षी त्यांच्या नवऱ्याची, महादेवप्पांची, किडनी गेली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. सुया टोचण्यासाठी हातातली शीर तयार होईपर्यंत मानेत नळी बसवली होती, आणि त्या नळीच्या तोंडाशी दोन महिन्यांत दोनदा जंतू झाले. दोन्ही वेळा थंडी वाजून ताप. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, तिसऱ्यांदा झालं तर जिवाचं काही खरं नाही. मग काय, अक्कांनी सगळ्या वॉर्डावर पाळत ठेवली. पाणी, मशीन, झाडूवाली, सिस्टरचे हातमोजे, कुणी सुटलं नाही.

त्याच सुमारास धाकट्या मालकांनी नवं कापड आणलं. सुती धाग्यावर तांब्याचा पातळ थर, रंग जुन्या पैशासारखा. यावर जंतू टिकत नाहीत, विषाणूसुद्धा मरतात, असं ते सांगत होते. त्यांना महादेवप्पा जायचे त्याच दवाखान्याच्या डायलिसिस वॉर्डात चादरी द्यायच्या होत्या. अक्कांनी अंगठा ओला केला, घासला आणि उजेडात धरला. अंगठ्याला किंचित काळपट लागलं.

त्या म्हणाल्या, "स्वतःचा थर धरून ठेवता येईना, हे जंतू मारणार व्हय?"

मालकांनी प्रयोगशाळेचा कागद दाखवला. कागद कुणीही छापतो, असं म्हणून त्यांनी तो वाचायचंही नाकारलं. खरं सांगायचं तर माझंही मन त्यांच्याच बाजूनं होतं. करोनात चांदीचे मास्क आणि जंतू पळवणारी पायपुसणी मी स्वतः विकत घेतली होती. ती अजून माळ्यावर पडून आहेत. शेवटी असं ठरलं की महिनाभर वॉर्डात चादरी घालायच्या, अक्कांनी डोळ्यांनी बघायचं, आणि पटलं तरच शिक्का मारायचा.

त्या दिवसापासून डायलिसिस असलं की अक्का लवकर सुटून वॉर्डात जायच्या. दर वेळी चादरीचा कोपरा घासायच्या. मग उशीचा अभ्रा, मग पडदा, मग नवऱ्याच्या मानेवरच्या पट्टीची कड, नीट चिकटली आहे का, ओल आहे का. महादेवप्पा डोळे मिटून पडून राहायचे.

विसाव्या दिवशी त्यांना ताप आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांनी एक चादर माझ्या टेबलावर टाकली. "म्हटलं हुतं की न्हाय मी?" एवढंच म्हणाल्या. आवाजात जिंकल्याचा जोर होता, पण तीच चादर त्या पुन्हा पुन्हा घडी घालून मोडत होत्या. मला त्यांची दया आली आणि धाकट्या मालकांचा संताप आला. माणसाच्या जिवावर कसला धंदा करताय, असं मी त्यांना तोंडावर बोललो. ते बिचारे पांढरेफटक पडले. दवाखान्यातल्या तपासणीत काय निघतं ते बघून या, म्हणाले.

दोन दिवसांनी मी अक्कांबरोबर वॉर्डात गेलो. तिथल्या श्रीदेवी सिस्टर अक्कलकोटच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी रिपोर्ट समोर धरला. चादरीवरून घेतलेल्या नमुन्यात जवळजवळ काहीच सापडलं नव्हतं. पट्टीच्या कडेवर मात्र सापडलं होतं, आणि तेच रक्तातही होतं.

अक्कांचा त्यावर विश्वास बसेना. बसणार कसा? सव्वीस वर्षांच्या सवयीनं अंगठा जिभेला गेला आणि हात पट्टीकडे निघाला. सिस्टरनी त्यांचं मनगट हवेतच धरलं.

"अक्का, ते जंतू माणसाच्या तोंडातले हायत," सिस्टर म्हणाल्या. "चादर चादरीवरचे मारती. तुमचा अंगठा थेट नळीपाशी जातोय."

अक्कांनी अंगठ्याकडे बघितलं. उजेडात धरायचीही गरज नव्हती. मी खाली बघत राहिलो, कारण इतकी वर्षं त्या अंगठ्याचं कौतुक करणाऱ्यांत मीच पुढे होतो.

मग महादेवप्पा बोलले. "सिस्टरनं मला दोनदा सांगितलं हुतं. बायकोला पट्टीला हात लावू देऊ नका म्हणून."

"मग बोलला का न्हाई तुमी?"

"घरी तू कवा हात लावतीस? भाजी तपासतीस, दूध तपासतीस. हितं आल्यावर तेवढं बरं वाटायचं."

अक्का पदराचा बोळा तोंडाशी धरून रडल्या. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

नळी बदलावी लागली, इंजेक्शनं चालली, बारा दिवसांनी ताप उतरला. महादेवप्पा वाचले. चादरींवर अक्कांनी शिक्का मारला, पण धुतल्यावर थर किती टिकतो ते बघायला दर आठवड्याला एक नग परत मागवायचा, या अटीवर. चेकिंगच्या टेबलावर आता अंगठा ओला करायला पाण्याचा स्पंज असतो. त्याच्यावरही त्यांचा भरवसा नाही, तो त्या दिवसातून तीनदा बदलतात.

वॉर्डात त्या कोपरापर्यंत हात धुतात आणि मानेकडे बघतसुद्धा नाहीत. पायथ्याशी स्टूल घेऊन डायलिसिसचे चारही तास नवऱ्याचं पाऊल हातात धरून बसतात. पाय धरला तर चालतं ना, हे त्यांनी श्रीदेवी सिस्टरना विचारलं, आणि मग डॉक्टरांनाही विचारून घेतलं.