लाटसाहेबांचा आकडा

ऑफिसात सगळे त्यांना लाटसाहेब म्हणत. एक तर ते पुराच्या लाटांचं गणित करत आणि दुसरं म्हणजे त्यांचा तोराही तसाच होता. नदीचे कागदावर तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यात वरून किती पाणी आलं नि खाली किती गेलं याचा हिशेब संगणकाकडून करून घ्यायचा आणि लाट शहरात कधी, किती उंचीने पोचेल ते सांगायचं, हे त्यांचं काम. पुलाच्या खांबावर रंगवलेली पाणी मोजायची पट्टी आणि त्यांचं उत्तर यांत वीतभराचाही फरक पडत नसे. त्यामुळे साहेबांचं नाक कायम वर.

या उत्तरावर सगळ्यात जास्त विसंबून असे तो त्यांचा थोरला भाऊ. दादाचं सुतारकामाचं दुकान नदीकाठच्या उतारावर होतं. वडील गेल्यावर दादानं शाळा सोडून रंधा हातात धरला, म्हणून धाकट्याला गणित शिकता आलं. दादा हे कधी बोलून दाखवत नसे. ते काम वहिनी करत. पाणी वाढू लागलं की दादाचा फोन ठरलेला.

"काय रे, हलवू का सामान?"

"काही नको. पायरीला लागून उतरेल."

आणि पाणी खरंच पायरीला लागून उतरायचं. दादा निवांत दिसला की शेजारचे दुकानदारही निवांत राहत.

यातली मेख अशी. शहराच्या वर नदीला लागून मोठा पाणथळ पट्टा होता. पूर तिथं पसरायचा, रेंगाळायचा आणि दमून खाली यायचा. तरुणपणी गणित बसवताना लाटसाहेबांकडे त्या पट्ट्याची मोजमापं नव्हती. त्यांनी पट्टा सोडूनच दिला आणि त्याऐवजी वरच्या भागात नदीचा तळ होता त्याहून खडबडीत धरला. तळ खडबडीत असला की पाणी अडखळतं, लाट उशिरा येते नि बसकी होते. जुन्या पुरांशी उत्तर जुळेपर्यंत तो खडबडीतपणाचा आकडा त्यांनी वाढवत नेला. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली होती खरी, पण उत्तर बरोबर आलं, शाबासकी मिळाली आणि साहेब ते विसरूनही गेले.

पुढे पट्ट्यात भराव पडला. नदीला दोन्ही बाजूंनी भिंती आल्या. नकाशे लाटसाहेबांच्या टेबलावर आले, त्यांनी भिंती गणितात घातल्या. उत्तर फारसं बदललं नाही, तेव्हा ते खूश झाले. बदलणार कसं? जो पट्टा गणितात कधी नव्हताच, तो गणितातून जाणार तरी कसा? त्याचं काम करणारा फुगवलेला आकडा आपल्या जागी तसाच बसून होता.

पुढच्या पुरात दादाचा फोन आला. "हलवू का रे? यंदा पाण्याचा जोर वेगळाच वाटतोय."

"दादा, वाटण्यावर पूर येत नाही. काही हलवू नकोस."

लाटेला दमवायला वर काही उरलंच नव्हतं. सांगितलेल्या वेळेच्या कितीतरी आधी ती भर दुपारी आली आणि दुकानात कमरेइतकी चढली. दादा जिवानिशी वाचला, पण लाकूड वाहून गेलं, यंत्रं गाळात गेली. शेजाऱ्यांचीही तीच गत झाली.

चौकशी झाली. अहवाल आला की पाऊस अभूतपूर्व होता. कसला अभूतपूर्व! याहून जास्त पाऊस आधी दोनदा पडून गेला होता. तोवर लाटसाहेबांनी आपला जुना आकडा हुडकून काढला होता. ते तो घेऊन मोठ्या साहेबांकडे गेले.

"अहो, तुमच्यावर काही आलंय का?" मोठे साहेब म्हणाले. "मग कशाला हात दाखवून अवलक्षण?"

लाटसाहेब आकडा घेऊन तसेच परतले. दादाला मात्र त्यांनी सगळं सांगितलं. दादा गाळ उपसत होता. त्यानं ऐकून घेतलं आणि पुन्हा फावडं उचललं. बोलल्या त्या वहिनी.

"भावजी, ह्यांनी शाळा सोडली ती याच गणितासाठी ना?"

लाटसाहेब त्या दारात पुन्हा गेले नाहीत. जायचं तरी कुठल्या तोंडानं? त्यांनी गणित तेवढं मुळापासून दुरुस्त केलं. नंतर मोठं पाणी आलं, तेव्हा दादाचा फोन आला नाही. शेवटी त्यांनीच लावला.

"दादा, सामान हलव. पाणी दुकानात शिरणार."

"कसलं सामान? दुकान कधीच विकलं. मी आता दुसऱ्याकडे रोजावर जातो."

लाटसाहेबांनी फोन ठेवायला घेतला.

"पण ज्यानं घेतलं त्याला सांगतो मी," दादा म्हणाला. "तुझं नाव नाही काढत. तुझं नाव ऐकलं तर तो काही हलवायचा नाही."