गुडघ्याएवढा शिकारी

नव्वदच्या दशकात आम्ही आखातात, अल ऐनला राहत होतो. मी एका बांधकाम कंपनीत क्वांटिटी सर्व्हेअर होतो, म्हणजे दुसऱ्यांनी बांधलेल्या भिंती मोजणारा. आमचा प्रोजेक्ट मॅनेजर इंग्लंडमधल्या कुठल्याशा खेड्यातला. एका नाताळात तो सुट्टीवर निघाला आणि आपलं कुत्रं सांभाळायला त्याला ऑफिसातला सगळ्यात भरवशाचा माणूस हवा होता. तो मी निघालो. भरवशाचा म्हणजे साहेबाला 'नाही' म्हणता न येणारा.

कुत्रं घरी आलं तेव्हा बायकोनं पहिला प्रश्न केला, "आजारी आहे का हो?"

बरगड्या दिसत होत्या, पाठ कमानीसारखी, अंगावर राखाडी राठ केस आणि उंची जेमतेम माझ्या गुडघ्याला लागेल एवढी. साहेबानं समजावून सांगितलं होतं की ह्याला लर्चर म्हणतात. ग्रेहाउंडसारख्या वेगवान कुत्र्याचा एखाद्या हुशार कुत्र्याशी संकर केला की लर्चर होतो. त्याच्या गावाकडे लोक असली कुत्री घेऊन सशांच्या मागे जातात. कुत्र्याचं इंग्रजी नाव आमच्या जिभेवर बसेना, म्हणून बायको त्याला 'ए शहाण्या' म्हणायला लागली. शहाण्या दूधभात खायचा आणि सोफ्यावर पाय वर करून झोपायचा.

आमचे घरमालक शेजारच्याच मोठ्या बंगल्यात राहत. वयस्कर, भारदस्त अरब गृहस्थ. त्यांच्याकडे सलुकी होत्या. सलुकी म्हणजे तिकडची परंपरेनं चालत आलेली शिकारी कुत्री, उंच, सडपातळ, कानांवर रेशमी झालर. एका संध्याकाळी मी शहाण्याला फिरवून आणत होतो, तेव्हा ते फाटकात उभे होते. शहाण्याकडे बराच वेळ बघून त्यांनी हिंदीत विचारलं, "ये क्या पकड़ता है?"

'खरगोश' एवढं म्हणायचं होतं. पण इतकी वर्षं आखातात काढून मला 'यल्ला', 'खलास' आणि 'इन्शाल्ला' यांच्या पुढचं अरबी येत नव्हतं, आणि त्या दिवशी काय सुचलं कोण जाणे, उत्तर अरबीतच द्यायचं असं मी ठरवलं. सशाला अरबीत काय म्हणतात? आठवेना. प्राण्याचा एकच अरबी शब्द डोक्यात होता. तो मी ठोकून दिला.

"गझाल."

म्हणजे हरीण.

घरमालकांच्या भुवया वर गेल्या. "वल्ला? गझाल?" त्यांनी शहाण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. पाच वर्षांत त्यांनी माझ्याकडे इतक्या आदरानं कधी पाहिलं नव्हतं. एरवी आमचं बोलणं फक्त पाण्याच्या मोटारीवरून व्हायचं. चूक दुरुस्त करायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "इन्शाल्ला."

"जुम्मा को सुबह मज़रे पे लाओ," ते म्हणाले. मज़रा म्हणजे त्यांची शहराबाहेरची शेती.

घरी येऊन मी हे जरा फुगवूनच सांगितलं. बायको कपड्यांच्या घड्या करत होती. "अहो, हा हरीण मारणार? कालच हा झुरळाला घाबरून माझ्यामागे लपला." दहा वर्षांची लेक पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली, "बाबा, ही इज स्केअर्ड ऑफ द व्हॅक्यूम क्लीनर."

खऱ्या हरणाच्या शिकारीला तिथे बंदी आहे, तेव्हा जीव कोणाचाच जाणार नाही, अशी मी मनाची समजूत घातली. तरी धीर होईना म्हणून इंग्लंडला फोन लावला. साहेब खूप हसला. म्हणाला, छोटा लर्चर हरणावर चालतो की नाही, यावर आमच्या गावात आजही भांडणं होतात. काहीजण म्हणतात, चपळ असला आणि दात पक्के असले की झालं. बाकीचे विचारतात, पण वजनच नाही तर तो हरणाला खाली पाडणार कसा? "माझा तर हरणाच्या कानात डूल लटकावा तसा लटकेल," असं काहीसं तो म्हणाला, आणि कृपा करून त्याला काही होऊ देऊ नकोस म्हणाला.

शुक्रवारी सकाळी आम्ही तिघं आणि शहाण्या आमच्या जुन्या कोरोलातून मज़ऱ्यावर पोचलो. वाळूत आखलेला एक लांबट गोल रस्ता होता. कडेला गालिचे अंथरून घरमालक आणि त्यांचे पाहुणे गावा, म्हणजे तिकडची वेलची घातलेली कॉफी, पीत बसले होते. एका पिकअपच्या मागे लांब दोरीला पेंढा भरलेलं हरणाचं कातडं बांधलेलं. पिकअप पळणार, कातडं उड्या मारत मागून जाणार आणि कुत्री त्याच्या मागे. चार सलुकी अंगावर झूल घालून शांत उभ्या होत्या. थंडी वाजू नये म्हणून बायकोनं शहाण्याला माझा जुना स्वेटर घातला होता. पाहुण्यांपैकी कोणीतरी काहीतरी बोललं आणि सगळे हसले. मला अरबी येत नसल्याचा तेवढाच एक फायदा.

"यल्ला!"

पिकअप सुटली, सलुकी सुटल्या, शहाण्याही सुटला. मी मात्र सुटलो नाही, कारण पट्टा हातातून निसटू नये म्हणून मी तो मनगटाला गुंडाळून ठेवला होता. दोन-तीन पावलं मी धावलो असेन. त्यानंतरचं अंतर मी पोटावर कापलं. गळपट्टा निघाला तेव्हा कुठे शहाण्या मोकळा झाला आणि मी तोंडातली वाळू थुंकत उठून बसलो. लेक धावत येईल असं वाटलं होतं. ती उड्या मारत होती, पण माझ्यासाठी नाही. "लुक! लुक ॲट हिम!"

सलुकी केव्हाच पुढे गेल्या होत्या. त्यांच्यासारखं पळणं शहाण्याच्या पायांना जमणारं नव्हतं आणि हे त्याला माझ्याआधी कळलं असावं. तो थांबला. पिकअप कुठून वळते ते त्यानं बघितलं. मग रस्ता सोडून मैदानातून सरळ आडवा निघाला, आणि गाडी वळून परत येताना त्यानं कातड्याच्या मानेवर झडप घातली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक लावला. धुरळा खाली बसला तेव्हा स्वेटर घातलेला शहाण्या हरणाच्या छातीवर उभा राहून चारही सलुकींवर गुरगुरत होता.

गालिच्यावरचे लोक उठून उभे राहिले. आता कातडं सोडवायचं कोणी? घरमालक म्हणाले, "बाबू, कुत्ता तुम्हारा है."

मी जवळ गेलो. "ए शहाण्या, सोड." तो गुरगुरला. मी दोन पावलं मागे आलो. "सोड रे बाळा, घरी दूधभात देते बघ आई." त्यानं वरचे दात दाखवले. मी जिथे उभा होतो तिथूनच आणखी बरंच समजावलं. शेवटी लेक मला बाजूला सारून पुढे गेली, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ड्रॉप इट." त्यानं लगेच सोडलं. इंग्रज कुत्र्याशी मी इतके दिवस मराठीत बोलत होतो.

घरमालकांनी शहाण्याच्या पाठीवरून हात फिरवला. "दिमाग बहुत है. मगर असली गझाल होता तो एक लात, खलास." मग माझ्या शर्टावरची वाळू झटकत त्यांनी मला गालिच्यावर बसवलं आणि स्वतः गावा ओतून दिली. आमचं सगळं घर तिथे दुपारपर्यंत बसलं. बायकोनं डब्यातल्या शंकरपाळ्या काढल्या. त्या एवढ्या आवडल्या की मला एकही मिळाली नाही.

साहेब परत आला त्या दिवशी शहाण्यानं त्याच्या अंगावर उडी मारली आणि गाडीत जाऊन बसला. आमच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. लेक खोलीचं दार लावून रडली. बायको म्हणाली, "कुत्र्याची जातच तशी," आणि नंतर कितीतरी दिवस भात एक मूठ जास्त टाकत राहिली.

पुढच्या हिवाळ्यात घरमालक मला कुत्र्याशिवायच मज़ऱ्यावर न्यायला लागले. एकदा एका पाहुण्यानं मला विचारलं, सलुकीच्या वंशात छोट्या लर्चरचं रक्त आणलं तर हरणासाठी कसं? मी कप खाली ठेवला, जरा विचार केला आणि वजन, पाय, जबडा यांवर सविस्तर मत दिलं. पाहुणा मान डोलावत ऐकत होता. घरमालक मात्र हसू लपवायला तोंड फिरवून खजुराच्या थाळीत काहीतरी शोधत बसले होते.