आज व्हेलची उलटी हातात घेतली

मंडळी, मी घरी अत्तरं बनवते हे तुम्हाला माहीत आहेच. आज सकाळी माझा पिंपळगावचा मावसभाऊ प्रमोद स्टीलचा डबा घेऊन नाशिकला माझ्या दारात हजर.

कोकणात फिरायला गेला होता, तिथे किनाऱ्यावर त्याला राखाडी, मेणासारखा गोळा सापडला. "ताई, वास घेऊन सांग, व्हेलची उलटीच हाय ना?"

व्हेलच्या पोटात तयार होणारा हा पदार्थ म्हणजे अंबर. जुन्या उंची अत्तरांचा सुगंध त्याच्यामुळे टिकायचा. मी त्याबद्दल फक्त वाचलं होतं. आधी शेणाचा वास आला, मग समुद्राचा, मग काहीतरी गोडसर, उबदार. बहुतेक खरंच असावं. एक तुकडा ठेवून घ्यावा असं फार वाटलं.

पण आपल्याकडे ते बाळगणं आणि विकणं, दोन्ही गुन्हा आहे. हे सांगितल्यावर प्रमोदचा चेहरा उतरला. "मी कुठं मासा मारला? वाळूत पडलेलं उचललं फक्त."

"खरंय. पण भाव मिळतो म्हटल्यावर मारणारेही निघतात."

त्याने डब्याचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाला, "चल, तू पण सोबत ये." आम्ही वन खात्याच्या ऑफिसात डबा देऊन आलो. साहेबांनी जबाब घेतला, चहाही पाजला.

परत येताना प्रमोद म्हणाला, "वास मात्र लय भारी होता, नाय?"

होताच. माझ्याकडचं कृत्रिम अंबर आता फिकं वाटणार, तरी मी तेच वापरणार. तुम्ही काय केलं असतं? खरं सांगा.