बंबात गेलेलं लाकूड

देवाकडं मागायची मला सवय आहे, आणि मागितलेलं कसं द्यायचं हे त्याला समजावून सांगायचीही. पस्तीस वर्षं शाळेत शिकवल्याचा हा परिणाम असावा. समोरच्याला नीट कळलं की नाही याची खात्री होईपर्यंत मला चैन पडत नाही. सिद्धेश्वराच्या गाभाऱ्यासमोर माझे हात जोडलेले असतात आणि मनात सूचना चाललेल्या असतात. गेल्या डिसेंबरात मात्र मी रोज सकाळी तळ्यातल्या देवळात जात होते, रोज तीच एक गोष्ट सांगत होते, आणि काही म्हणता काही घडत नव्हतं. देव माझं ऐकतो का, की इतकी वर्षं मी नुसतीच बडबडते आहे, असं पहिल्यांदाच वाटायला लागलं. ही शंका कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण गल्लीत माझी ख्याती मोठी भाविक बाई अशी आहे.

मागणं एवढंच होतं, की माझ्या सुनेला एकदा रडू येऊ दे.

सून इंग्लंडच्या उत्तरेकडची, नाव फिओना. मल्लिनाथ, म्हणजे आमचा मुलगा, तिकडं शिकायला गेला, तिथं दोघांचं जमलं आणि आता दोघंही पुण्यात नोकरी करतात. मराठी ती त्याच्याकडून शिकली. त्याचं लहानपण माझ्या माहेरी, मोहोळला गेलेलं. त्यामुळं ही उंच, गोरीपान, निळ्या डोळ्यांची मुलगी तोंड उघडते ते थेट "लई गरम हाय की!" म्हणूनच, आणि ऐकणारा रिक्षावाला आधी मीटरकडं बघतो, मग आरशात. ऑक्टोबरात तिची आई गेली. फिओना एकटीच जाऊन सगळं उरकून आली, घर रिकामं केलं, कागदपत्रं केली, चार नातेवाइकांना चहा पाजला, आणि त्या सगळ्यात तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी कामावर गेली. झोप मात्र गेली होती, जेवण तुटलं होतं, गालफडं बसली होती. "आई, ती हसते, बोलते, सगळं करते," मल्लिनाथ फोनवर म्हणाला होता, "पण ती इथं नाहीच गं." मी म्हटलं, घेऊन ये सोलापूरला. मग दोघं आले, आणि मी देवाला कामाला लावलं.

आल्यावर चार दिवसांनी फिओनानं विचारलं, एकवीस तारखेला संध्याकाळी घरात आगीची पूजा केली तर चालेल का? तिची आई चर्चला जाणारी नव्हती. त्यांच्याकडं त्याहून जुनं काहीतरी चालत आलेलं होतं, झाडांचं, सूर्याचं. वर्षातला सगळ्यांत लहान दिवस मावळला की मोठा ओंडका पेटवायचा, घरात हिरव्या फांद्या बांधायच्या, आणि उद्यापासून सूर्य परत येणार म्हणून आनंद करायचा. "अगं, म्हणजे उत्तरायणच की!" मी म्हटलं. सातवीला मी विज्ञान शिकवायची, त्यामुळं सूर्य खरा वळतो तो डिसेंबरातच आणि आपण तिळगूळ वाटतो तीन आठवडे उशिरा, हे मी तिला लगेच ऐकवलं. आमचे हे तर भलतेच खूश झाले. सुनेचा धर्म कोणता, हे लोकांना काय सांगायचं याची त्यांना लग्नापासून काळजी होती. आता ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, की ती सूर्यपूजक आहे, आपल्यातलीच.

घरात तयारी सुरू झाली. तिच्या देशातली काटेरी पानं इथं कुठून मिळणार, म्हणून तिनं कडुलिंब आणि आंबा बांधला. बेलाकडं हात गेला तेव्हा मी म्हटलं, बेल फक्त पिंडीवर. तिनं मान डोलावली आणि इतक्या शहाणपणानं हात मागं घेतला, की मला राहवलं नाही आणि मीच एक डहाळी तोडून दिली. मग तिनं संत्री आणली, त्यांना सगळ्या अंगानं लवंगा टोचल्या आणि लाल दोऱ्यात बांधून दारावर टांगली. आमच्याकडं वीस वर्षं कामाला येणारी शांताबाई दारातच थबकली. टाचण्या टोचलेलं लिंबू तिनं बघितलेलं होतं, पण लवंगा टोचलेलं संत्रं हा प्रकार तिला त्याहून जबर वाटला.

"बाई, ही करणी हाय," ती कुजबुजली. "लिंबावर भागलं न्हाय म्हणून थेट संत्रं घेतलंय. मी आत येणार न्हाय."

मी तिला चांगलीच झापली. करणी वगैरे काही नसतं, जग कुठं चाललंय, तू कुठं आहेस, वगैरे. शेवटी ती पदर तोंडावर घेऊन मागच्या दारानं आली. पण खरं सांगते, झापताना माझाच आवाज जरा जास्त चढला होता.

आता माझी लाज सांगते. एकवीस तारखेला पहाटे मी बंब पेटवायला उठले. आमच्या घरात गिझर आहे, पण त्याचं पाणी अंगाला लागत नाही असं ह्यांचं म्हणणं, म्हणून मागच्या अंगणात तांब्याचा बंब अजून चालू आहे. कोरडा कागद शोधायला फिओनाच्या पूजेच्या सामानाच्या टोपलीकडं गेले. तिथं रिबिनी, मेणबत्त्या, आणि तळाशी लाल लोकरी फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. उघडलं तर अर्धवट जळालेलं लाकूड, वीतभर. मी ते तसंच परत गुंडाळलं. जळकं लाकूड घरात कुठून येतं आणि कुठून आणू नये, हे आपल्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. त्यात ते लाल फडकं, त्यात दारावरची ती संत्री. सातवीचं विज्ञान कुठल्या कुठं पळालं. पोर भोळी आहे, तिकडून कुणीतरी तिच्या सामानात घातलं असणार, म्हणूनच तिला रडू येत नाही, असं मला एका क्षणात पटलं. "सिद्धरामा, तूच दाखवलंस रे," असं म्हणून मी ते फडक्यासकट बंबाच्या नळीत टाकलं. काय पेटलं म्हणून सांगू! दहा मिनिटांत पाणी कढत झालं. पहिली आंघोळ फिओनाची झाली, आणि मी देवाचे आभार मानून भाकरी थापायला बसले.

भाकरी, शेंगाची चटणी आणि दही घेऊन आम्ही बसलो होतो. तेव्हा फिओनानं उरलेली गोष्ट सांगितली. ओंडका काडेपेटीनं पेटवायचा नसतो. दर वर्षीच्या ओंडक्याचा एक तुकडा राखून ठेवायचा आणि पुढच्या वर्षीची आग त्यानंच पेटवायची. आईकडं तो तिच्या आईकडून आला, तिच्याकडं तिच्या आईकडून. "गेल्या वर्सीचा तुकडा आईनं सवताच्या हातानं गुंडाळला," ती म्हणाली. "मी तितनं दुसरं काय आनलं न्हाय. तेवडाच आनला."

मला जोरात ठसका लागला. ह्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. त्या वेळी बोलून टाकायला हवं होतं. पण मी म्हटलं, "मी संध्याकाळसाठी ओंडका घेऊन येते," आणि चपला घालून बाहेर पडले. दुसरा तसाच तुकडा मिळवायचा आणि तिच्या टोपलीत गुपचूप ठेवायचा, असा माझा बेत होता. म्हातारपणी सुनेला फसवायला मी निघाले होते, आणि वाटेत देवाला यश दे म्हणून विनवतही होते.

वखारीतला माणूस ओळखीचा. "अर्धवट जळलेलं लाकूड आहे का? वीतभर?" मी विचारलं. त्यानं वजनकाट्यावरचा हात काढला. "मावशी," तो हळूच म्हणाला, "घरी सगळे बरे हायत न्हवं?" मी म्हटलं, सगळे बरे आहेत. "मग तसलं लाकूड आमच्याकडं नसतंय. ते जितं असतंय तितनं कुनी आनत न्हाय." माझा चेहरा बघून त्यानं स्टूल दिलं. त्यावर बसल्यावर मला रडूच फुटलं. देवाला सुनेचं रडू मागितलं होतं आणि रडत होते मी, भर बाजारात, लाकडाच्या ढिगापुढं.

शेजारी एक बाई जळण निवडत होती. कपाळभर भस्म, हात कोपरापर्यंत काळवंडलेले. अक्कलकोटकडची असावी. कडक भाकरी करून विकते म्हणाली. "यवा, काय झालं गं?" तिनं कानडी वळणानं विचारलं, आणि तिऱ्हाईत माणसाला सांगणं सोपं असतं म्हणून मी सगळं सांगून टाकलं. तिला त्यात नवल वाटलं नाही. "लाकूड गेलं, आग कुटं गेली?" ती म्हणाली. "माजी चूल मी कदी विजू देत न्हाय. इस्तू राखंत झाकून ठिवते, सकाळी फुंकला की जागा. जा, बंबात बघा की!" मग आपल्या ढिगातला बाभळीचा एक जाड बुडखा तिनं पायानं माझ्याकडं ढकलला. "ह्यो माज्या चुलीत बसत न्हाय. तुमी न्या."

तो बुडखा मांडीवर घेऊन मी रिक्षातून आले. रिक्षावाल्याला चार वेळा घाई केली. मनात एकच होतं, की बंबातली आग आंघोळी झाल्यावर पाणी ओतून विझवायची, नाहीतर लाकूड फुकट जळतं, हा माझा नियम. हे तो नियम रोज विसरतात, मी रोज त्यावरून बोलते, आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा विसरतात. त्यांच्या विसरण्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा भिस्त ठेवली होती.

हे दारातच उभे होते. चेहरा उजळलेला. "आज बघ," म्हणाले, "आठवणीनं दोन तांबे पाणी ओतलं. आता तरी म्हण, सुधारलो म्हणून."

मी मागच्या अंगणात जाऊन बंबापुढं फतकल मारून बसले. नळीत हात घातला तर सगळा ओला काळा चिखल. माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून फिओना धावत आली. आता बेत नव्हता, सूचना नव्हत्या, देवाला सांगायला काही उरलंच नव्हतं. मी तिला सगळं सांगितलं. फडकं, संत्र्यांची भीती, वखार, तिला फसवायला निघाले होते तेही. ती एवढंच म्हणाली, "कदी जाळलं?"

"पहाटे. तुझ्या आंघोळीच्या पाण्याला."

ती बाह्या वर करून खाली बसली आणि बंबाच्या जाळीखालची राख चिमट्यानं बाहेर ओढायला लागली. वरची ओली, खालची दमट, मागच्या कोपऱ्यातली कोरडी. त्या कोरड्या राखेत चिंचोक्याएवढा एक निखारा होता. दोन तांबे पाणी नेमकं तेवढंच सोडून कसं गेलं, ते मला माहीत नाही आणि मी शोधतही बसले नाही. मी नारळाच्या शेंड्या आणायला धावले, हे आजचा पेपर घेऊन वारा घालायला लागले, तोही अजून वाचायचा राहिलेला. फिओना जमिनीला गाल टेकवून फुंकत होती. धूर झाला, आम्ही तिघंही खोकायला लागलो, आणि एकदम भक्कन जाळ झाला. तिच्या डोळ्यांना धार लागली होती. "धूर लागला," ती म्हणाली. मग धूर ओसरला तरी धार थांबली नाही.

"म्हंजी सकाळी मी आईच्या पान्यानं न्हाले?" तिनं विचारलं. ती माझ्या मांडीवर कोसळली आणि लहान मूल रडतं तशी, सूर लावून रडली. गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या. मी तिच्या पाठीवरून काळेच हात फिरवत राहिले आणि तिचा पांढरा सदरा माझ्या पंजांच्या ठशांनी भरून गेला. मल्लिनाथ वरून धावत आला, तिला रडताना बघितलं आणि तोही रडायला लागला. हे पेपर हातात धरून उभेच. "आता अजून वारा घालू का?" असं त्यांनी दोनदा विचारलं.

दिवसभर आम्ही तो विस्तव मातीच्या कुंडीत, राखेखाली, त्या बाईनं सांगितला तसा सांभाळला. दिवस मावळल्यावर अंगणात बुडखा पेटला. "इकत आनला?" फिओनानं विचारलं. मी म्हटलं, नाही, एका बाईनं दिला. "मग बरोबर हाय," ती म्हणाली, "इकतचा चालत न्हाय." ती तिच्या भाषेत काहीतरी गायली. मग ह्यांना राहवेना, त्यांनी आरती म्हटली. शांताबाईही आली. अंतर राखून बसली, पण संत्र्याची फोड दिल्यावर लवंगा काढून खाल्ली. फिओना त्या दिवशी पोटभर जेवली आणि ताटावरच पेंगायला लागली.

मी नंतर त्या भाकरीवाल्या बाईला शोधलं. अशा गोष्टींत अशी बाई पुन्हा कुणाला दिसत नाही म्हणतात, पण ही मला पहिल्याच दिवशी सापडली. बसस्टँडजवळ बसते. आतापर्यंत चार वेळा भाकरी घेऊन आले, पण ती मला ओळखत नाही. तिच्या हातून आपल्याला काय मिळालं हे तिला माहीतही नाही, आणि तिला सांगायला गेले की गिऱ्हाइकं खोळंबतात म्हणून ती मला बाजूला व्हायला सांगते. मी बाजूला होते. हल्ली देवळातही मी तशीच बाजूला उभी राहते. मागायचं ते मागते, आणि ते कोणत्या रस्त्यानं यायचं हे त्याच्यावर सोडते. माझी भीती, माझी लबाडी, ह्यांचे दोन तांबे पाणी, या सगळ्यातून त्यानं जे करून दाखवलं, ते माझ्या एकाही सूचनेत बसत नव्हतं.

पुण्याला निघायच्या दिवशी फिओनानं बाभळीच्या त्या बुडख्याचा जळालेला तुकडा माझ्या हातात ठेवला. पुढच्या वर्षीचा. मी मागं सरकले. म्हटलं, "अगं, मला कशाला? मीच जाळलं ना ते?"

"म्हनून तर," ती म्हणाली. "आता तुमाला ठावं हाय, त्यो काय हाय."

मी तो दोन्ही हातांत घेतला आणि गाडी वळेपर्यंत तशीच उभी राहिले. पस्तीस वर्षांत मी कितीतरी मुलांच्या चुका काढल्या. चुकलेल्याच्या हातात तीच वस्तू पुन्हा निर्धास्त ठेवायची असते, हे मात्र मला कुणी शिकवलं नव्हतं. ते माझ्या सुनेनं शिकवलं, आणि तिला माझ्या घरी पाठवणाऱ्याचे उपकार मी कशानं फेडू?