मायच्या वहाणा

निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. नळदुर्गहून आमची मोटार सुटली तशी माय खिडकीला धरून पळाली. माझ्या लग्नात घेतलेली नवी वहाण पायातून निसटली तरी थांबली नाही. "लौकर ये गं बाळंतपणाला!" असं सगळ्या मोटारीला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडली. सुमे, माझी धाकटी बहीण तू, तिच्या पदराला धरून रडत होतीस. मी लाजून नवऱ्याकडं बघितलं. ते बाहेर बघत होते.

पुण्यात दोन खोल्या, गॅलरीत नळ, पंपाचा स्टोव्ह. टपाल कचेरीतून आले की हे भाजी निवडायला बसायचे. मी तापानं पडले तेव्हा माझी वेणीसुद्धा यांनीच घातली. शेजारणी म्हणायच्या, नशीब काढलंस बाई! खोटं नव्हतं ते. फक्त अंथरुणं दोन होती. मी आरशापुढं उभी राहून स्वतःलाच नावं ठेवायची. काळी म्हणून? दात पुढं म्हणून? शेवटी लाज सोडून विचारलं.

त्यांनी हात जोडले. "तुझ्यात काही कमी न्हाय. मला बाईची ओढच न्हाय, पुरुषाची हाय. लहानपणापासून. तुळजापुरात, पुजाऱ्याच्या घरात, सांगणार कुणाला? लग्न झालं की आई भवानी सुधरवील असं वाटलं." मग म्हणाले, माहेरी जा, सगळा दोष मी घेतो. असा संताप आला की हातातलं पातेलं आपटलं मी. पण गेले नाही. तोंड कुठं दाखवणार होते? अन् खरं सांगू, त्या माणसावाचून मला करमतही नव्हतं.

चैत्रात माहेरी आले तर माय अनवाणी. रस्ता तव्यासारखा तापलेला, अन् ही डोक्यावर पाटी घेऊन शेतातून येतेय. तळव्यांच्या भेगांतून रक्त. तूच सांगितलंस, "ताई, नवस बोललीय ती. तुझ्या पोराचा पाळणा देवीला बांधीपर्यंत वहाण घालणार न्हाय." मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तरी त्या खेपेला तोंड उघडलं नाही. शरम, दुसरं काय!

पुढच्या खेपेला तिच्या भेगांत मेण भरत बसले होते. राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं.

मायनं माझ्या हातातलं मेण काढून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "मारतो?"

"न्हाय."

"टाकून बोलतो?"

"न्हाय गं. माझं ताट आधी वाढतात."

"मग ऱ्हा तिथंच."

मी कोनाड्यातल्या वहाणा आणून धूळ झटकली, तिच्या पुढ्यात ठेवल्या. "आता तरी घाल, माय."

तिनं त्या उचलून परत कोनाड्यात ठेवल्या. "येडी का काय? वहाण घातली तर गाव इचारंल, नवस कशानं फिटला. काय सांगू मी?"

सुमे, तुला आजवर वाटत आलं की देवीनं मायचं ऐकलं नाही, म्हणून ती शेवटपर्यंत अनवाणी राहिली. तसं नव्हतं ते. आता पुणं हेच माझं घर. हे समोर शेंगा सोलत बसलेत, अंथरुणं अजून दोनच आहेत, अन् तक्रार नाही. पण माहेर म्हटलं की मला घर आठवत नाही, अंगण आठवत नाही. मायचे पाय आठवतात. चप्पल घालायला वाकले की माझी मान लवकर वर येत नाही.