चार बोटांची गवरी

ये बाई, अशी जवळ बस. म्हणजे बस तू तिकडंच, पुण्यातल्या तुझ्या चौथ्या मजल्यावर, पण हा कागद तरी जवळ घेऊन वाच. आणि तो मोबाईल घडीभर पालथा टाक. दिवाळीला गेलीस ती गेलीसच. मध्ये एकदा फोन केलास, तर काय म्हणे, "आजी, जुन्या काळी आपल्या मळ्यात माणसं कशी राहायची ते लिहून पाठव गं." अगं, सासूसारखं काम सांगतेस आणि फोन ठेवतेस! वही संपली, म्हणून आता जुन्या कॅलेंडरच्या मागं लिहितेय. अक्षर वाकडं आहे, ते समजून घे. मी शाळेत गेलेली नाही, तुझ्या बापाच्या पाटीवर त्याच्याच जोडीनं शिकले.

तर जुना काळ म्हणजे किती जुना? मी लग्न होऊन पिंपरी पेंढारच्या या मळ्यात आले तेव्हा माझी आजेसासू ऐंशीच्या घरात होती. सगळे तिला मोठीआई म्हणायचे. ती स्वतः आठ-नऊ वर्षांची असताना इथं सून म्हणून आली, महाळुंगे पडवळहून, बैलगाडीत झोपून. तेव्हा विलायतेच्या राणीचं राज्य होतं. तिच्या गळ्यात राणीछाप रुपया ओवलेला होता, तो मी माझ्या हातानं चिंचेनं घासलाय. आणि ती एकटी आली नव्हती. तिची धाकटी बहीण त्याच मांडवात धाकट्या दिराला दिलेली. सख्ख्या बहिणी, त्याच सख्ख्या जावा.

दोघींना मिळून एक वाकळ. कोंबडा आरवायच्या आधी सासू उठवायची आणि जात्यावर बसवायची. एकीच्या हातानं खुंटा फिरायचा नाही, दोघींचे चार हात लागायचे. दाणे भरडले की मोटेवर बैलांना वैरण न्यायची, पाटाला पाणी आलं की बैलांच्या आधी यांची तोंडं पाण्यात. बाजरी दाण्यात आली की दोघींना गोफण देऊन माळ्यावर चढवायचे, पाखरं राखायला. या वर सागरगोटे खेळत बसायच्या आणि पाखरं खाली जेवून जायची. सासरा बांधावरून ओरडायचा, "अगं पोरींनो, पाखरं राखताय का पाळताय?" दिवेलागणीच्या आत जेवणं उरकायची, कारण करडईचं तेल लई जपून वापरायचं. काडेपेटी कुणी बघितलेली नव्हती. चुलीतला विस्तव राखेत पुरून सकाळपर्यंत जिवंत ठेवायचा. विझलाच, तर फुटक्या मडक्याचं खापर घ्यायचं आणि शेजारी मागायला जायचं.

एकदा उखळात दोघी कांडत होत्या. थोरलीच्या हातात मुसळ, धाकटी दाणे वरखाली करत होती. थोरलीच्या डोळ्यांवर झोप. मुसळ खाली आलं आणि धाकटीचं अंगठ्याशेजारचं बोट गेलं. सासू धावत आली तर धाकटी रडत रडत म्हणाली, "मीच मदी हात घातला, तिची चूक न्हाय." थोरलीच्या पाठीवर बसायचा मार असा टळला. बोट काही परत आलं नाही.

एवढ्या जिवाभावाच्या बहिणी. पण पुढं वाटण्या झाल्या, विहीर राहिली सामायिक, आणि पाण्याच्या पाळीवरून दोघा भावांत वाजलं. बोलणं तुटलं. भाऊ दोघंही वारले, भांडण मात्र बायकांनी सांभाळलं. मी आले तेव्हा बारा-चौदा वर्षं दोघी बोलत नव्हत्या. घरं किती लांब? मध्ये एक बांध आणि दोन बाभळी. मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "पल्याड जायचं न्हाय." पण रोज सकाळी मोठीआई मला हळूच विचारायची, "पल्याड धूर दिसतोय का गं?" दिसतोय म्हटलं की मगच चहाचा घोट घ्यायची. मला तेव्हाच कळलं, की या म्हातारीला मरायच्या आधी बहिणीशी बोलायचंय आणि आपण होऊन तिला ते जमत नाही.

आता माझी फजिती ऐक. भुईमूग काढायचे दिवस. दिवसभर वाकून वाकून अंगात त्राण उरलं नव्हतं, आणि मी विस्तव राखेत पुरायचाच विसरले. सकाळी चूल उकरते तर गार राख! काडेपेटी तोवर घरात आली होती, पण ती देवाच्या दिव्यापुरती, आणि ती मोठीआईच्या कनवटीला. मागावी तर चूक कबूल झाली. सासूबाई आणि तुझे आजोबा रानात गेलेले, मोठीआई गोठ्यात. गावठाण लांब. मी खापर उचललं आणि बांध ओलांडला.

पलीकडची म्हातारी चुलीपुढं बसली होती. अगदी मोठीआईच, फक्त बुटकी. मला बघून म्हणाली, "कुनाची गं तू?"

"अल्याडची नातसून."

"काय पायजे?"

"विस्तव."

ती खो खो हसली. "थोरलीच्या घरातला विस्तव विझला? आमाला म्हनायची, तुझ्या चुलीला शिस्त न्हाय! घे बाई, घे. वारं लागंल, वरून ही गवरी धर." निखारे घातले, वर आख्खी गवरी दिली.

मी पळत घरी आले आणि चूल पेटवली. गवरी तशीच चुलीशेजारी राहिली. मोठीआई दूध घेऊन आली, भुवई चढवून म्हणाली, "आज चूल उशिरा पेटली?"

"ओली लाकडं व्हती."

तिची नजर गवरीवर गेली. आपल्या गवऱ्या मी थापायची, बारीक हाताच्या. ही मोठी होती. तिनं ती उचलली, उजेडाला धरली. गवरीवर थापणाऱ्या हाताचा ठसा उमटतो, तुला कुठून ठाऊक असणार. तिनं आपली बोटं त्या ठशात एकेक करून बसवली. अंगठा बसला, मधलं बसलं, पुढची दोन बसली. अंगठ्याशेजारचं बोट नुसतं शेणावर टेकलं, त्याला खळगाच नव्हता.

मला वाटलं, आता शिव्या बसणार. तर ती गवरीकडंच बघत म्हणाली, "बरी हाय का ती?"

मी मान हलवली.

"वाकलीय का कमरंत?"

"थोडी."

"माझ्यापरीस जास्त?"

"न्हाय, तुमच्यापरीस कमी."

"कमीच वाकनार. काम कवा केलंय तिनं!" असं म्हणून तिनं पदरानं डोळे पुसले. मग मला म्हणाली, "खोटं बोललीस ते बोललीस. पन ज्या खापरात त्यांचा विस्तव आनलास, ते त्यांचंच समजून परत दे. आन रिकामं देऊ नको, आपल्यात रिकामं भांडं परत करत न्हाईत." हुलग्याची शेंगोळी केली होती, ती तांब्यात घालून त्या खापरावर ठेवून दिली. गवरी मात्र तिनं जाळू दिली नाही, कोनाड्यात उभी करून ठेवली.

मग सुरू झाली माझी खेपा घालायची गंमत. पलीकडची म्हातारी शेंगोळी चाखून म्हणाली, "लसूण म्हागलाय वाटतं तुमच्याकडं." आणि तांब्यात ताक भरून दिलं. मोठीआई ताक पिऊन म्हणाली, "सांग तिला, पान्याची पाळी चुकवायची, आन ते पानी ताकात वतायचं!" हे मी कसं सांगू? मी सांगितलं, "ताक झकास व्हतं म्हनाल्या." पलीकडची माझ्याकडं बघत राहिली. "तिच्या तोंडून झकास? तू पन खोटारडी निघालीस." पण हसत होती. दुसऱ्या दिवशी मासवड्या गेल्या, तिकडून कैरीचं लोणचं आलं. आठ दिवस मी बांध तुडवला. दोघी एकमेकींचं खात होत्या, एकमेकींना नावं ठेवत होत्या, आणि बांधाच्या दोन्ही बाजूंना आपापल्या जागी बसून होत्या. मला वाटलं, हे असंच चालणार.

नवव्या दिवशी पलीकडच्या म्हातारीनं तांब्या माझ्या हातात दिला. हलका लागला. आत बघितलं तर रिकामा. विसळून, पुसून, रिकामा.

"काय घालायचं ऱ्हायलं का, आजी?"

"काय न्हाय. असाच ने."

मी तो तसाच आणून मोठीआईपुढं ठेवला. तिनं आत हात घालून बघितलं. चेहरा लाल झाला. "रिकामा? मला रिकामा? माझ्या हातचं खाऊन?" काठी घेतली, पदर खोचला आणि निघाली. मी मागं मागं. बांधावर तिचा पाय अडखळला, मी हात द्यायला गेले तर हात झिडकारला.

धाकटी ओट्यावरच बसली होती. घोंगडी अंथरलेली, पाण्याचा लोटा भरून ठेवलेला.

"काय गं," मोठीआई काठी आपटून म्हणाली, "लाज हाय का न्हाय? रिकामं भांडं धाडतीस?"

धाकटी शांतपणे म्हणाली, "आलीस ना? भरून धाडलं असतं तर तूबी भरून धाडलं असतंस. ही पोर मरंस्तवर हिंडली असती. बस आता. पानी घे."

मोठीआई उभीच. मला वाटलं, परत फिरते. मग ती खाली बसली, आणि पाण्याला हात न लावता तिनं धाकटीचा तो हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. बोट नव्हतं तिथं अंगठा फिरवला. मग म्हणाली, "त्या दिवशी मला झोप आली व्हती गं."

"ठावं हाय," धाकटी म्हणाली. "मला बी आली व्हती."

त्यानंतर चार वर्षं दोघी रोज दुपारी त्या ओट्यावर बसायच्या. मी धान्य निवडत बाजूला. तुला वर जे जे सांगितलं, जातं, मोट, गोफण, ते सगळं मी तिथं ऐकलं. धाकटी आधी गेली. मोठीआईनं तिचं लुगडं स्वतः नेसवलं, कुणाला हात लावू दिला नाही.

एवढं लिहिलं, पण दोघी बोलायच्या कशा, ते काही कागदावर उतरत नाही बघ. एक सुरू करायची, दुसरी "तसं न्हायच मुळी" म्हणून मधनंच तोडायची, मग दोघी एकदम. तो आवाज मला काढता येतो, पण त्यासाठी तू समोर पाहिजेस. आता या घरात तो ऐकलेली मी एकटीच उरलेय, आणि माझीही उमर झाली. तर कामाचं कारण सांगू नकोस. या शनिवारी सकाळचीच एसटी धर, म्हणजे उजेडात पोचशील. उसात बिबट्या फिरतोय, फाट्यावर तुझ्या काकाला गाडी घेऊन पाठवते. आणि एका मुक्कामाची पिशवी आणू नकोस, दोन रात्रीची तरी आण. ये गं.